मामा मांडवाबाहेर का राहिले

ये गं, अशी जवळ बस. ही तुझी मामी कागदावरच बोलते आहे, तरी बस. लग्नाला वर्ष होत आलं, आणि लातूरहून लोह्याला येणं तुला जमेना होय? रुसलीस, ते कळतं मला. बोहल्यावर न्यायचा मान मामाचा, आणि तुझे मामाच मांडवात आले नाहीत. लोक म्हणाले, पुढारी झाला, भाचीला विसरला. ऐकून घे बाई.

मामा हेडमास्तर होते तेव्हाची गोष्ट. नववीतल्या पोरीची सोयरीक ठरली असं कानावर आलं, की शाळा सुटल्यावर थेट त्या घरी. भांडण नाही, आरडाओरड नाही. ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, आणि उठायचेच नाहीत. एकदा एक बाप आत जाऊन बायकोला म्हणाला, "व्हय म्हणून टाकू गं, न्हाईतर हा मास्तर हितंच अंथरूण मागंल!" अशा कितीक पोरी त्यांनी शाळेत परत आणल्या.

निवृत्त झाले आणि लोकांनीच गळ घातली, सर, झेडपीला उभे राहा. निवडणूक आली नेमकी लग्नसराईत. कार्यकर्ते सकाळीच जीप घेऊन दारात. "सर, एखादी सभा चुकली तर चालंल, लग्न चुकवू नका." मग काय, या मांडवातून त्या मांडवात, मलाही सोबत घेऊन.

मुखेडकडच्या एका गावात पोचलो तर मंगलाष्टकं चालू झालेली. माइकवर पुकारा झाला, "सरांचं आगमन झालेलं आहे!" कुणी फेटा बांधला, कुणी मुठीत अक्षता दिल्या. लांबूनच टाकल्या आम्ही. मग नवरी पाया पडायला आली. वाकून उठली, तर ती मामांच्याच शाळेतली पोर. आदल्या वर्षी आठवीत होती, रोज प्रार्थना सांगायची.

हळूच म्हणाली, "सर, तुमचं नाव पुकारलं तवा मला वाटलं, थांबवायलाच आलात."

मी शेजारीच उभी होते. मामांनी तोंड उघडलं, पण कार्यकर्ता बाही ओढत होता, फोटो काढायचा होता. "सुखी राहा," एवढंच म्हणाले. घरी येऊन फेटा सोडला तर त्यातून अक्षता गळाल्या. मी केरसुणी घेतली, तर म्हणाले, राहू दे. आणि तिथंच खाली बसले.

निवडून आले. त्या गावानं लई मतं दिली. दारात गुलाल उधळत होते आणि हे आत न्हाणीत तोंडावर पाणी मारत होते. पुढं त्या पोरीच्या सासरी गेले, तिला शाळेत पाठवा म्हणून. सासू म्हणाली, "आता कशाला, सर? तुमीच तर अक्षता टाकल्या." चहा समोर आला होता. न पिताच उठले.

तेव्हापासून अक्षता हातात धरत नाहीत. तुझ्या लग्नाला नवा सदरा शिवला होता गं. लातूरला आलो, कार्यालयाच्या फाटकापर्यंत आलो. आत सनई वाजली आणि हे रिक्षातून उतरेनात. म्हणाले, "तू जा. पोरगी शिकली, नोकरीला लागली, मग लग्न करती हाय. तिच्या अंगावर माझ्या हातच्या अक्षता नको." तुझं लग्न लागेपर्यंत रिक्षातच बसून होते.

हे तुला सांगायचं नाही, असं बजावलंय मला. पण एसटीतून कुणी पोरगी उतरली की मान वळवून बघतात, आणि मला बघवत नाही. जावईबापूंना सुट्टी नसली तर एकटीच ये. त्यांच्याशेजारी ओसरीवर बस, चहा घे, आणि लवकर उठू नकोस. ये गं लवकर.