माणसं सारखीच ठेवा

आपा ऑफिसात शिरल्या की आधी त्यांचा हात बटणाकडे जायचा. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बंद करायचा, मग पर्स खाली ठेवायची. "रिकाम्या खोलीत कोनाले हवा घालून राह्यले भाऊ?" मी चहाला उठलो तरी माझा पंखा बंद व्हायचा. परत येऊन मी घाम पुसत कुरकुरलो की मान वर न करता म्हणायच्या, "तुमी व्हते का तिथं?" असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याच्यावर चिडतो आणि ते रजेवर गेलं की करमत नाही.

आपा म्हणजे मोठी बहीण. त्यांचा भाऊ त्यांना तसं म्हणायचा, म्हणून बुलढाण्यातलं आमचं सगळं ऑफिस म्हणू लागलं. आर्किटेक्टचं लहानसं ऑफिस. मी नकाशे काढायचो, आपा इमारतींचं ऊर्जा मॉडेल करायच्या. हे काय प्रकरण असतं ते मला त्यांनीच शिकवलं. इमारतीला हरित प्रमाणपत्र हवं असेल तर ती कॉम्प्युटरात दोनदा बांधायची. एक आपली, जाड भिंतींची, खिडक्यांवर सावली धरणारी. दुसरी तेवढीच मोठी पण चारचौघींसारखी, जी कुणी कधीच बांधणार नसतं. दोन्हींत वर्षभर वीज चालवून बघायची आणि आपली किती वाचवते ते दाखवायचं. त्या प्रोग्रॅमात बुलढाण्याचं हवामान नव्हतं, म्हणून अकोल्याचं घ्यावं लागे. "घाटावरच्या बिल्डिंगीले अकोल्याचं ऊन," आपा म्हणायच्या. "बिचारी."

तेव्हा काम मुलींच्या वसतिगृहाचं होतं. कापूस पिकवणाऱ्या गावांतल्या मुली तिथं राहून कॉलेज करणार होत्या. पैसे देणाऱ्या ट्रस्टची अट होती, मॉडेल मंजूर झाल्याशिवाय बांधकाम सुरू करायचं नाही.

सगळ्यात जास्त घाई आपांच्या धाकट्या भावाला होती. आईवडील गेल्यावर आपांनीच त्याला वाढवलेलं, घरात दोघंच. घाटाखाली, खामगावकडच्या एका बाजारगावात त्याचं बियाण्याचं दुकान. बीटी कपाशीची पाकिटं त्यानं ओळखीच्या गावांत भरवशानं विकली. बोंडअळी लागणार नाही, हे त्यानंही खरंच मानलं होतं. त्या साली बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. कंपनी लांब होती, दुकान जवळ. लोक दुकानात आले. शिव्या देणाऱ्यांचं त्याला काही वाटत नसे. नुसतं बसून, काही न बोलता उठून जाणारे त्याला सोसत नसत. अशा काहींना त्यानं सांगून टाकलं, पोरीचं शिक्षण थांबवू नका, माझ्या बहिणीचं होस्टेल होऊन राह्यलं.

शनिवारी तो मोटारसायकलवर आपांना न्यायला यायचा आणि दारातूनच विचारायचा.

"आपा, होस्टेल का क्या हुआ?"

"मॉडेल में है."

"लोगां पूछ रहे."

मॉडेल तपासणीतून परत आलं. चूक आपांचीच होती, आणि ती आमच्याकडचंच माणूस करू जाणे. कापूस वेचणीला मुली गावी जाणार हे त्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी तेवढ्या दिवसांसाठी आपल्या इमारतीतून मुली काढून टाकल्या. दुसऱ्या इमारतीतून काढायच्या राहून गेल्या. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, दोन्हींत माणसं सारखीच ठेवा. आपा हसल्या. "बराबर हाय त्याचं. मानसं कमी करून बिजली तं कोनीबी वाचवीन." आणि पुन्हा सगळं करायला घेतलं.

ते चालू असतानाच भावानं दुकानात जीव दिला.

मी दफनाला गेलो होतो. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. कब्रस्तानाच्या फाटकाशी लोकांच्या चपला विस्कटल्या होत्या, त्या जोडीनं लावत बसलो.

चौथ्या दिवशी आपा कामावर आल्या. रिकाम्या खोलीतला पंखा बंद केला, पर्स ठेवली, कॉम्प्युटर लावला. मॉडेल पुरं करून पाठवलं. शनिवारी संध्याकाळी दाराशी कुणाचीही मोटारसायकल थांबली की आम्ही सगळे दाराकडे बघायचो. त्या बघायच्या नाहीत.

मंजुरी आली त्या दिवशी त्यांना ताप होता. सांगायला मी बायकोला घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"आपा, होस्टेल मंजूर झालं."

"हाव का," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. बायको त्यांच्या मागे आत गेली.

बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर धुतलेली चादर, खुंटीला भावाचा शर्ट. आत कुणी नव्हतं आणि पंखा जोरात फिरत होता. इतक्या वर्षांत त्यांचीच सवय मलाही लागलेली. मी उठलो आणि बटणाकडे हात नेला.

"राहू द्या भाऊ," आपा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मानसं सारखीच ठेवा लागते."

मी हात मागे घेतला. मग चहा आला. आम्ही तिघांनी तो प्यायला, आणि पलीकडच्या खोलीतला तो शर्ट वाऱ्यानं हलत राहिला.