कानसेन आणि सासऱ्यांची कॅसेट

पाण्याचे मीटर वाचणारा एक गृहस्थ आमच्या गल्लीत राहतो. गल्लीने थट्टेने त्याचं नाव कानसेन ठेवलं. त्याने ते पदवीसारखं मिरवायला घेतलं, आणि थट्टा करणारेच ओशाळले.

दिवसभर गटाराशेजारी उकिडवं बसून आकडे टिपायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं. गाणी ऐकायला नव्हे, तपासायला. त्याच्या प्लेअरच्या कोपऱ्यात फाइलचा प्रकार दिसतो. तिथे फ्लॅक दिसलं की गाणं सुरू होण्याआधीच मान डोलते. एमपीथ्री दिसलं की तोंड कडू. एमपीथ्री म्हणजे फाइल लहान व्हावी म्हणून आवाजाचे तुकडे कापून टाकलेले. फ्लॅक म्हणजे काही न कापता नुसती घडी घातलेली. हे मला त्यानेच शिकवलं. शिकवताना माझ्या मोबाइलकडे असं बघितलं, जणू मी उष्ट्या ताटात जेवत होते.

"ताई, तुमचा कान मेलाय," म्हणाला.

त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, हे सगळं ऐकून घेते. तिचे वडील बॅंडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. आता लेकीकडेच असतात. त्यांची स्वतः बांधलेली एक धून होती. ती फक्त एका कॅसेटवर उरली, दोन्ही बाजू धरून अर्धा तास. वहिनीने शेहेचाळिसाव्या वर्षी बापाचं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. महिनाअखेरीस जुन्या बॅंडबरोबर तीच धून बापासमोर वाजवायची, असा तिचा हट्ट. सूर बसले, पण एक जागा बसेना. तिथली सुरावट एवढी लांब की वहिनी निळी पडायची.

"बाबा मधेच चोरून श्वास घ्यायचे," ती म्हणायची. "कुठे, ते कॅसेटवरच कळेल."

घरातला टेपरेकॉर्डर केव्हाच मेलेला. कानसेन पुढे सरसावला. "मी फ्लॅक करून देतो. कायमचं काम!"

कॅसेट त्याने कोपऱ्यावरच्या स्टुडिओत दिली. स्टुडिओवाल्याने खरखर काढून, पुसून-पासून पेन ड्राइव्हवर टाकली. एमपीथ्री. कानसेनने कपाळावर हात मारला, पण लगेच कॉम्प्युटरवर फाइल बदलण्याचं सॉफ्टवेअर उघडलं, फ्लॅक निवडलं, बटण दाबलं. चौदा एमबीची फाइल दीडशेची झाली. मला हाक मारून दाखवली.

"बघा ताई, दहापट! गेलेलं सगळं परत आलं."

"आलं कुठून?"

"सॉफ्टवेअरने शोधलं."

"तुटलेलं बोट मोठ्या हातमोज्यात घातलं की उगवतं का हो?"

"तुम्ही मोर्चे काढा. हा तांत्रिक विषय आहे."

गल्लीचे अर्ज आणि मोर्चे घेऊन जाते, तेव्हा हे वाक्य मी वीस वर्षं कचेऱ्यांत ऐकतेय. तिथेही असंच चालतं. आमचा मूळ अर्ज हरवायचा, मग एक जाडजूड फाइल बांधायची, वर शिक्का ठोकायचा आणि म्हणायचं, बाई, सगळं सुरक्षित आहे. फाइलची जाडी बघून तृप्त होणारी ही जमात. माझं डोकं फिरलं, पण घर दुसऱ्याचं. उठून आले.

शनिवारी त्याने कळस केला. रद्दीबरोबर कॅसेटही भंगारवाल्याला देऊन टाकली. मूळ माल कॉम्प्युटरमध्ये आल्यावर डबडं कशाला?

रविवारी सकाळी वहिनीने फाइल लावली. मलाही बोलावलं होतं. आवाज चकचकीत, पुसलेल्या काचेसारखा. वहिनीने ती जागा तीनदा ऐकली.

"अहो, बाबांचा श्वास कुठाय?"

"श्वास म्हणजे गोंगाट गं. स्टुडिओवाल्याने साफ केला असेल."

"मग तुमच्या फ्लॅकमध्ये परत आला ना?"

कानसेनने आवाजाचा आलेख उघडला. इतरांच्या खोट्या फाइली तो यावरच पकडायचा आणि चारचौघांत त्यांची सालटी काढायचा. अस्सल आवाजाचे रंग वरपर्यंत चढतात, कापलेल्याचे मधेच कात्री लावल्यासारखे सपाट होतात. इथे सपाट होते.

"प्लेअर अपडेट करायला हवा," तो पुटपुटला.

खाटेवरच्या म्हाताऱ्याने डावा हात उचलून हलवला. नाही.

"कॅसेट आणा," वहिनी म्हणाली.

कानसेन पंख्याकडे बघत राहिला. वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा रद्दीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, आणि चपला घातल्या.

म्हाताऱ्याजवळ माझ्या जावेला बसवून आम्ही तिघं भंगाराच्या दुकानाकडे पळालो. दुकान दिसायच्या आधी क्लॅरिनेट ऐकू आलं. आलेल्या कॅसेटी चालतात का, हे भंगारवाला एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर लावून बघायचा. वर्षानुवर्षांची खरखर, शेजारी पत्रे ठोकण्याचा दणदणाट, आणि त्यातून ती धून.

"ही आमची आहे," कानसेन धापा टाकत म्हणाला.

"काल होती."

"परत द्या हो."

"देतो की. पण माझं ऐकून होऊ द्या. वाजवतंय कोण एवढं झकास?"

"माझे वडील," वहिनी म्हणाली.

भंगारवाल्याने तिला स्टूल दिलं. कानसेनला काही दिलं नाही.

"मी इथेच ऐकते," वहिनी म्हणाली. "घरी नेऊन लावू कशावर?"

टेपरेकॉर्डरच्या झाकणाची कडी तुटलेली, वर अर्धी वीट ठेवलेली. कानसेनला राहवेना. "सूर हेलकावतोय. झाकण नीट दाबलेलं नाही."

"मग दाबा ना!" भंगारवाल्याने वीट उचलली.

कानसेनने अंगठा लावला. सूर सरळ झाला. तो टेपच्या वेगावर काही सांगू लागला, तशी वहिनीने हात वर करून त्याला थांबवलं. लांब सुरावट आली. तिच्या ऐन मध्यावर, सूर चक्क तोडून, एक झटकन ओढलेला श्वास. वहिनी उडालीच.

"बाबा लपवत नाहीत हो! उघड घेतात!"

तिने रद्दीच्या कागदावर खूण केली. टेप मागे नेऊन पुन्हा ऐकली, स्वतः तिथेच श्वास घेऊन बघितला, पुन्हा मागे नेली.

"अगं, अंगठा बधिर झाला," कानसेन म्हणाला.

"हात काढलात तर बघा. दुसरी बाजू अजून राहिलीय."