जास्वंदीतला शिंपी

निवृत्त झाल्यावर द्वारकाताईंनी तीर्थयात्रा सोडून लांबचं टिपणारी मोठी लेन्स घेतली. उद्या सोसायटीतली जास्वंद छाटणार होते आणि तिच्या पानात शिंपी पक्ष्याने घरटं शिवलं होतं.

"फोटो आणा, मग बघू," सेक्रेटरी म्हणाले.

पक्षी अंगठ्याएवढा. लेन्स वळेपर्यंत दुसऱ्याच फांदीवर. शेवटी ताईंनी त्याचा पिच्छा सोडला आणि शिवलेल्या पानावरच लेन्स रोखली. शेजारची उत्कर्षा चकित झाली.

"ताई, तिथे तर कोणीच नाही."

"येईल गं. पिल्लं तिथंच आहेत."

चोचीत अळी धरून तो आलाच.

सेक्रेटरींनी फोटो बराच वेळ निरखला. "छाटणी पिल्लं उडाल्यावर. आणि ग्रुपवर टाकू नका, उगाच जत्रा भरेल."