नवी मोट

नव्या चामड्याचा वास आला की केनवडचा मळा आठवतो. मी तेव्हा नवी सून होते. परगावचा एक पंडित विहिरीपाशी आला आणि कालच शिवून आणलेल्या चामडी मोटेकडे बोट दाखवून म्हणाला, "ही कशी मोट?" देशोदेशीचे शब्द ताडून पाहून हजारो वर्षांपूर्वी 'नवा' कसं म्हणत ते तो जुळवत होता आणि त्यासाठी आमच्या तोंडचा शब्द त्याला ऐकायचा होता, हे फार मागाहून कळलं. सासऱ्यांना वाटलं, हा शेतसारा वाढवायला आलाय. "जुनीच हाय," ते गुरगुरले, "तुमाले कायले पायजे?" त्यानं माझ्या हिरव्या चुड्याकडे पाहिलं. "आणि ही सून?" "ते बी जुनीच." आता घरात सगळ्यांत जुनी मीच, तरी दारात कुणी अनोळखी चौकशी करू लागला की तोंडून निघतंच, "आमच्याकडं नवं काई नाई."