माशाच्या पोटातला तिरपा काप

सागरी प्रयोगशाळेत तिला सगळे पोटबाई म्हणत. बावीस वर्षं तिचं एकच काम: माशाचं पोट चिरायचं, आत काय सापडलं ते ओळखायचं आणि वहीत लिहायचं. समुद्रात कोण कोणाला खातं ते बाणांनी दाखवणारा मोठा तक्ता भिंतीवर होता. त्यातले निम्मे बाण तिच्या वहीतून निघालेले. घरी कोणी काही लपवलं की नवरा म्हणे, "सांगून टाक बाबा, नाहीतर ही पोट फाडून बघेल!"

त्या सोमवारी बर्फाच्या पेटीतून तळाशी राहणारे बारा मासे आले. चिठ्ठीवर जागा, जाळ्याची खोली आणि तिच्या धाकट्या भावाची सही. भाऊ प्रयोगशाळेच्या बोटीवर जाळं ओढायला होता. साहेबांकडे शब्द टाकून ती नोकरी तिनेच लावून दिली होती.

पहिल्या पोटात पृष्ठभागाजवळ फिरणाऱ्या छोट्या माशाचा तुकडा. दुसऱ्यातही तेच. पाचव्यापर्यंत तेच.

"म्हणजे हे वर येऊन शिकार करतात!" साहेब तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाले. "तक्त्यावर नवा बाण, पोटबाई!"

पोटबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आधी तिला साहेबांचाच संशय आला. अहवालासाठी त्यांना काहीतरी नवं हवंच होतं, आणि पेटीला कुलूप नव्हतं. साहेब गेल्यावर तिने तुकडे दिव्याखाली धरले. खवले अजून चमकत होते. जाळ्यात कोंडलेला मासा कधी कधी शेजाऱ्यालाच गिळतो; असं ताजं खाणं मोजायचं नसतं. पण तेव्हा शेजारी अख्खा सापडतो. हे तुकडे दोन्ही टोकांना तिरपे, सफाईदार कापलेले. माशाला सुरी कुठून मिळाली?

तिने जबडे उघडले. बारापैकी नऊ जणांच्या ओठात बारीक भोक होतं. गळाचं. पोटात होता तो गळाला लावलेला चारा. हे मासे बोटीच्या जाळ्यात आलेच नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत तिने भावाला धक्क्यावर गाठलं.

"जाळं कुठे टाकलंस रे?"

"चिठ्ठीवर लिहिलंय की, ताई."

"मी चिठ्ठीचं विचारत नाहीये."

तो दोर गुंडाळत राहिला. "आता माझंही पोट चिरतेस का?"

"ओठांना गळाची भोकं आहेत."

दोराचं वेटोळं हातातून सुटलं. "जाळं फाटलं होतं गं. रिकाम्या हाताने कसं यायचं? एका होडीवाल्याकडून घेतले. मासा तर तोच आहे ना! कोणाला काय फरक पडतो?"

"चारा माणसाने भरवला, आणि बाण माशाच्या नावावर जाणार. साहेबांना तू सांगतोस की मी सांगू?"

"नोकरी जाईल माझी, ताई."

"तीनला मी वहीत लिहिणार. त्याआधी ये. आणि हे पहिल्यांदाच ना?"

"हो हो, शपथ!" तो म्हणाला. जरा जास्तच पटकन.

तीनला पाच कमी असताना भाऊ आला, तिच्याकडे न बघता साहेबांच्या खोलीत शिरला. दार लागलं. पोटबाईने शेऱ्यात लिहिलं, 'गळाचा चारा. मोजू नये.'

पण ते 'हो हो' काही कानातून जाईना. तिने मागच्या वर्षीची वही काढली. भावाची फेरी, तळाचाच दुसरा एक मासा, आणि खाली तिचंच अक्षर: 'छोट्या मासळीचा तुकडा.' त्या नोंदीवरून तक्त्यावर बाणही गेला होता. तुकड्याच्या कडा कशा होत्या? ते तिने लिहिलंच नव्हतं. भावाने आणलेलं, म्हणून ओठही तपासले नव्हते.

ती वही घेऊन उठली आणि तिने साहेबांच्या दारावर टकटक केली.