गल्ली बंद होती तेव्हाचे नाना-अक्का

आमच्या गल्लीत त्या वर्षाचा विषय निघाला की पहिली पाच मिनिटं सगळे गंभीर असतात. कोण गेलं, कोण थोडक्यात वाचलं, कुणाचं दुकान कायमचं बंद पडलं, हे सगळं होतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "आणि नाना?" की झालं. एक जण एक किस्सा काढतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा परत गरम करायला ठेवावा लागतो. गल्लीत प्रत्येकाकडे एक तरी आहेच. माझ्याकडे जरा जास्त आहेत, कारण त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये फक्त कमरेएवढी भिंत आहे.

नाना म्हणजे बस स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. उभा जन्म अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे सांगण्यात गेला. अक्का त्यांच्या पत्नी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. माहेर पिंपळनेरकडचं. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण मन भरून आलं की सरळ अहिराणीवर येतात. दोघं जळगावात मेहरूणला आमच्या शेजारी राहतात. एकुलती एक मुलगी वंदना धुळ्याला दिलेली, तीही आईसारखी सिस्टर. त्या वर्षी तिची ड्युटी कोरोनाच्या वॉर्डात लागली. घरी म्हातारी सासू, म्हणून ती स्वतःच्या घरीही जात नव्हती, दवाखान्याच्या होस्टेलवर राहायची. नाना-अक्का दिवसभर काहीही करत असले, तरी त्यांचा एक कान फोनकडे असायचा.

* * *

पहिल्या लॉकडाऊनमध्ये भाजीची गाडी गल्लीच्या तोंडाशी यायची आणि सगळी गल्ली तिच्यावर तुटून पडायची. दोनदा पोलीस आले. भाजीवाला म्हणाला, असं असेल तर मी उद्यापासून येत नाही.

गणपती मंडळाचा लाउडस्पीकर नानांच्या माळ्यावर ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी भाजीची गाडी आली आणि नानांच्या गॅलरीतून आवाज घुमला, "लक्ष द्या. गिलके, भेंडी आणि कोथिंबीर घेऊन आलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी लागलेली आहे. चौधरी कुटुंबाने पिशवी घेऊन यावे. इतर प्रवाशांनी आपापल्या फाटकातच थांबावे."

लोक आधी हसले, मग खरंच थांबले. तो आवाजच असा होता की माणूस आपोआप रांगेत उभा राहतो. पोलिसांची गाडी परत आली, तेव्हा आत बसलेल्या साहेबांनी काच खाली करून पूर्ण घोषणा ऐकली आणि न उतरताच निघून गेले.

माझ्या सासूबाई मात्र उतावळ्या. एक दिवस आमचा नंबर बराच मागे राहिला, तेव्हा त्यांनी फाटकातून वर ओरडून विचारलं, "नाना, आमची गाडी लेट का बरं?"

नानांनी माइक खाली ठेवला नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर आलं, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

* * *

मग आखाजी आली. बाहेरच्यांना सांगायला हवं की आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. वंदनाने लग्नानंतर एकही आखाजी चुकवली नव्हती. त्या वर्षी येणं शक्यच नव्हतं.

सकाळपासून अक्कांच्या स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज नव्हता. पुरण शिजायला टाकलेलं नव्हतं. नाना दोनदा आत डोकावून आले आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने बघते तर ते स्टुलावर चढून अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला दोर बांधत होते. अक्का दारात आल्या. म्हणाल्या, आता यावर बसणार कोण?

नाना म्हणाले, "तूही कुणाची तरी लेकच आहेस ना."

अक्का आधी नाहीच म्हणाल्या. या वयात लोक काय म्हणतील, दोर तुटला तर काय, सगळं झालं. नानांनी स्वतः दोराला लोंबकळून दाखवलं. मग त्या बसल्या, लाजत, पदर घट्ट धरून. नानांनी हलका झोका दिला. दोन-तीन झोक्यांनंतर अक्कांनी माहेरचं एक गाणं धरलं, अगदी खालच्या आवाजात. समोरच्या गच्चीवर चौधरी काकू पापड वाळत घालत होत्या. त्यांनी पुढची ओळ उचलली. मग पलीकडच्या गच्चीवरून कुणी, मग आमच्या सासूबाईंनी. गल्लीत एकही बाई रस्त्यावर नव्हती आणि सगळ्या जणी एकत्र गात होत्या.

तेवढ्यात वंदनाचा व्हिडिओ कॉल आला. नानांनी फोन झोक्यासमोर धरला. पोर घाबरली, आई पडशील म्हणाली. अक्का झोका न थांबवता म्हणाल्या, "तू नही उनी, मंग मीच माहेरले उनू." तू आली नाहीस, म्हणून मीच माहेरी आले.

दुपारी भिंतीवरून आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी आली. गरम होती.

* * *

त्याच उन्हाळ्यात धरणगावला नानांच्या पुतण्याचं लग्न झालं. घरातल्या मोजक्या माणसांत, बाकीच्यांनी मोबाइलवर बघायचं. आम्ही समजलो, बघतील पाच मिनिटं आणि ठेवतील.

सकाळी नाना फेटा बांधून अंगणात हजर. अक्का पैठणीत, नाकात नथ, केसात मोगऱ्याचा गजरा. घरात बसून बघायचं लग्न, तर एवढा थाट कशाला, असं मी विचारलं. नाना म्हणाले, आपण त्यांना बघणार, तसं ते आपल्यालाही बघणार आहेत. मोबाइल देव्हाऱ्याजवळ टेकवून ठेवला होता. मंगलाष्टकं सुरू झाली तशी दोघांनी मोबाइलवर अक्षता टाकल्या. इतक्या टाकल्या की शेवटी नवरा-नवरी तांदळाखाली गेले आणि अक्कांना स्क्रीन पुसायला लागली.

लग्न लागलं, फोन बंद झाला, तरी नाना पाटावरून उठेनात. अक्कांनी विचारलं, आता काय राहिलं?

"जेवण," नाना म्हणाले. "लग्नाला जाऊन कुणी उपाशी परत येतं का?"

अक्कांनी पैठणी खोचली आणि वरण-बट्टी, वांग्याची भाजी केली. एका पंगतीत दोन माणसं, आणि नाना आग्रह करून करून अक्कांना वाढत होते. त्या रुसल्यासारखं करून, आता पुरे हो, म्हणत होत्या. वरपक्ष आणि वधूपक्ष दोन्ही त्यांच्याच घरात होते.

* * *

पावसाळ्यात आमच्या गल्लीत पहिला पेशंट निघाला. कोपऱ्यावरच्या घरात खोली घेऊन राहणारा विलास, डाळ मिलमध्ये कामाला, एकटा. कोविड सेंटरमध्ये जागा नव्हती, लक्षणं साधी होती, म्हणून त्याला खोलीतच राहायला सांगितलं. गल्लीच्या तोंडाला बांबू लागले.

संध्याकाळी सगळे आपापल्या फाटकात उभे राहून बोलू लागले. त्याला इथे ठेवायचा नाही, असं ठरत चाललं होतं. आमच्या घरातूनही विरोध झाला नाही, हे खरं आहे. भीतीच तशी होती.

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी घडी करून ठेवलेली पांढरी साडी त्यांनी काढून नेसली होती. तोंडावर मास्क, हातात ऑक्सिमीटर. त्या गल्लीच्या मधून चालत गेल्या आणि विलासच्या दारावर थाप मारली. त्याला खिडकीत बोलावलं, बोटाला ऑक्सिमीटर लावायला लावला, दोन वेळा आकडा बघितला. मग वळून म्हणाल्या, "मुलगा ठीक आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ जेवायला कोण देणार, ते बोला."

मग नानांनी, जणू दुसऱ्याच घरातले असल्यासारखा, हात वर केला. "सकाळचं आमच्याकडे."

त्यावर सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळचं आमच्याकडे. चौधरी काकूंना राहवलं नाही, त्या म्हणाल्या, मग नाश्ता माझ्याकडे. ज्यांचा नंबर लागला नाही ते नाराज झाले आणि मधल्या वेळेचं काहीतरी पाठवू लागले. विलासच्या खिडकीच्या कट्ट्यावर डबे मावेनात.

तो बरा होऊन बाहेर आला तेव्हा अक्कांच्या पाया पडायला वाकला आणि अर्ध्यावरच थांबला. पँट बसत नव्हती.

* * *

थंडीत कोरोना नानांनाच झाला. ताप दोन दिवसांत उतरला, पण अक्कांनी त्यांना वरच्या खोलीत ठेवलं आणि स्वतः खाली राहिल्या. रोज जिन्याच्या मधल्या पायरीवर ताट ठेवायच्या, खाली येऊन थांबायच्या, मग नाना येऊन ताट उचलायचे. वंदनाचे फोन चालूच होते. दिवाळीला तिचं यायचं ठरलं होतं, तर बरोबरची सिस्टर आजारी पडली आणि ड्युटी वाढली. आता बाप आजारी, तरी येता येत नव्हतं. फोनवर ती फक्त सूचना द्यायची आणि अक्का, ज्यांनी तिला हे सगळं शिकवलं, त्या मुकाट्याने हो हो म्हणायच्या.

ताप गेला, पण नानांची चव आणि वास गेला. तो त्यांनी लपवला. अक्का आधीच काळजीत आहेत, त्यात आणखी भर कशाला, असा त्यांचा विचार.

भरिताचे दिवस होते. अक्कांनी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. भिंतीच्या अलीकडे आमच्या तोंडाला पाणी सुटलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ताट जिन्यावर गेलं. खालून अक्कांनी विचारलं, भरीत कसं झालंय?

वरून नाना म्हणाले, "फक्कड. असं भरीत या सीझनला झालंच नाही."

अक्का म्हणाल्या, "मीठ घातलेलंच नाही."

मग नानांनी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? अक्का म्हणाल्या, तिसऱ्या दिवसापासून, कारण कारल्याची भाजी तक्रार न करता संपली होती.

त्यानंतर त्यांनी रोज ताटाबरोबर वाटीत काहीतरी वास घ्यायला ठेवायला सुरुवात केली. कधी लवंग, कधी हिंग, कधी लसूण. नाना रोज प्रामाणिकपणे, काही नाही, असं सांगायचे. एक दिवस सकाळी सकाळी वरून नाना जोरात ओरडले. मी घाबरून भिंतीशी धावले. ते गॅलरीत उभे होते, डोळ्यांत पाणी, आणि आमच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होते.

"मनीषा, तुमचं दूध करपतंय."

खरंच करपत होतं. भांडं घासायला मला अर्धी दुपार लागली, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

* * *

नाना हिंडू-फिरू लागले आणि इकडे पेशंट परत वाढायला लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. वंदनाला बघून वर्ष होत आलं होतं. एक दिवस दोघं सकाळच्या पहिल्या गाडीने धुळ्याला निघाले. होस्टेलवर कुणाला येऊ देत नव्हते आणि तिच्या सासरी जायला वंदनानेच मनाई केली होती. तेव्हा असं ठरलं की तिची रात्रीची ड्युटी संपली की तिनेच स्टँडवर यायचं, थोडा वेळ बसायचं, डबा घ्यायचा. मास्क काढायचा नाही आणि दोन हात लांब बसायचं, ही तिची अट.

अक्का आदल्या दिवसापासून कामाला लागल्या होत्या. काय काय बोलायचं, तेही त्या मला भाकरी थापता थापता सांगत होत्या. तिची सासू, तिचे गळणारे केस, तिच्या हातांवर हातमोज्यांनी आलेलं पुरळ, आणि ही नोकरी सोड म्हणायचं की नाही म्हणायचं. नाना म्हणत होते, तू सोडलीस का कधी? मग तिला कसं सांगशील?

दुपारी परत येतो म्हणाले होते, ते दिवेलागणीला आले. मी फाटकातच होते. नाना दमलेले दिसत होते. त्यांची मान आणि एक कान उन्हाने लाल झाला होता. अक्कांनी ओट्यावर बसून चपला काढल्या. मी पाणी आणून दिलं आणि विचारलं, वंदना भेटली का, कशी आहे, काय काय बोलणं झालं.

अक्का म्हणाल्या, आली. बारीक झाली आहे. बाकाच्या एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला त्या. वंदना म्हणाली, आई, एक मिनिट डोळे मिटते, मग बोलू. आणि बसल्या बसल्या तिची मान भिंतीला टेकली. गाड्या येत होत्या, कंडक्टर ओरडत होते, तिला काही ऐकू गेलं नाही. मग तिच्या तोंडावर ऊन आलं, तेव्हा नाना उठून दोन हात लांब, उन्हाच्या बाजूला उभे राहिले. ऊन सरकलं तसे तेही सरकले. शेवटी ती आपोआप जागी झाली, डबा घेतला आणि रात्रीच्या ड्युटीच्या आधी अंघोळ करायची म्हणून गेली.

"म्हणजे काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

"पोर निजेल व्हती," अक्का म्हणाल्या. "उठाडाले जीव नही व्हयना."

नाना मान चोळत आत निघाले होते, ते दारात थांबले.

"परतीची गाडी लागली होती समोर," ते म्हणाले. "सोडली. दुसरी लागली. तीही सोडली."