कापसासाठी रजा

आमच्या गावच्या मोठ्या गुरुजींसारखा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि तरी तो नेमका कसा होता यावर आमच्या घरातल्या दोन माणसांचं कधी एकमत झालं नाही. आमचे काका त्यांच्या पहिल्यावहिल्या वर्गातले. ते त्यांना ‘रडके गुरुजी’ म्हणत. माझा थोरला भाऊ पुढे पंधरा वर्षांनी त्यांच्या हाताखाली शिकला. तो नुसतं नाव काढलं तरी तळहात चोळायचा आणि ‘मारके गुरुजी’ म्हणायचा. मी शिकलो मामाच्या गावी मेहकरला. मास्तर होऊन आपल्याच गावच्या शाळेत परतलो, तेव्हा शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषदेचं नाव चढून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि मला भेटले ते ‘मुके गुरुजी’. ओट्यावर बसून काका-पुतण्यांचं यावरून भांडण लागे. माणूस मात्र एकच. दुसरबीडपासून पाच-सहा मैलांवरच्या आमच्या खेड्यात तो आला तो विशीत आणि तिथेच म्हातारा झाला.

काका सांगत, रडण्यात गुरुजींचा हात धरणारा कोणी नव्हता. पोराने पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव काढलं की यांच्या डोळ्याला धार. चौथी पास होऊन पोरं निघाली की धार. विद्यार्थिनीच्या लग्नात तर नवरीची आई बाजूला राहायची आणि बायका गुरुजींनाच पाणी आणून द्यायच्या. दिवाळीनंतर कापूस फुटला की शाळा ओस पडे. मजुरांची पोरं आईबापांबरोबर वेचणीला जात. एका वर्षी असाच रिकामा वर्ग पाहून गुरुजी रडले, आणि मग डोळे पुसून सरळ वावरात गेले. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांत नेऊ, असा विचार. कापसाच्या ओळींमधून फिरत त्यांनी पाढे म्हणायला लावले. बे एके बे, बे दुणे चार, सगळं वावर एका सुरात. बायकासुद्धा म्हणू लागल्या. आठ दिवस गुरुजी अगदी हरखून गेले होते. नवव्या दिवशी ज्यांचं वावर होतं ते जमीनदार बांधावर येऊन हात जोडून म्हणाले, “गुरुजी, पुढच्या सालीबी येजा बरं. पोट्टे लय झपाझप वेचतात तुमच्या पाढ्यावर.” गुरुजी घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर त्यांना कोणी रडताना पाहिलं नाही, असं काका सांगत.

रडू आटलं आणि राग आला. हा राग माझ्या भावाच्या वाट्याला आला. गैरहजर राहिलेल्या पोराला परत आल्या दिवशी छड्या, दिवसाला एक या हिशोबाने. बाप लोक तक्रार करायचे सोडून वर सांगून जायचे, चामडी तुमची, हाडं आमची. गावात तेव्हा पोरं शाळा चुकवायचीच नाहीत असं भाऊ म्हणतो. मला ते खोटं वाटतं, पण भीती खरी होती. एकदा एक मुलगा पंधरा दिवसांनी आला. गुरुजींनी हात पुढे करायला सांगितलं, त्याने केला. चार छड्या झाल्यावर गुरुजींचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी दहाही बोटं ओरबाडून निघाली होती. छडी तिथेच थांबली. भाऊ त्याच्या शेजारीच बसलेला होता. पाचवी छडी कोणालाच बसली नाही, पण तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही तो आलाच नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा गुरुजींचं बोलणं रेशनवर मिळायचं. हजेरी घेताना मान वर नाही. नाव पुकारायचं, आवाज आला तर हजर, नाही तर गैरहजर, पुढचं नाव. मी नवाकोरा, अंगात नुसता उत्साह. मनात म्हणायचो, हा माणूस कसला मास्तर, हे तर वाळलेलं खोड. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि खरं सांगतो, मी दिवस मोजत होतो.

त्याच वर्षी सातवीत वच्छी होती. बौद्धवाड्यातली, बाप नाही, आई मजुरी करणारी. गणितात अशी की मी फळ्यावर चुकलो तर आधी खोकायची आणि मग हळूच सांगायची. सातवीची फायनल परीक्षा पास झाली असती तर पुढे मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता आलं असतं. वेचणी सुरू झाली आणि वच्छी दिसेनाशी झाली. दोन महिने बुडाले तर परीक्षा गेलीच. मी गुरुजींच्या मागे लागलो, तुम्ही तिच्या घरी चला, तुमचा शब्द गावात मोडत नाही. ते एवढंच म्हणाले, “तू जाय. तुह्या आंगात हाय आजून.”

मी गेलो. भाषण केलं. वच्छीची आई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “पोरगी हुशार हाय हे समजते मले. पन तिची पात कोन वेचंल? दोनच हात हायेत मले.” पात म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाट्याची ओळ. शाळेत परत आलो, गुरुजींना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी ऐकलं आणि हजेरीचं पान उलटलं. मला त्यांचा असा संताप आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वर पाठवायला ठेवलेला त्यांचा रजेचा अर्ज. उभ्या नोकरीत एक दिवस रजा न घेतलेल्या माणसाने संक्रांतीपर्यंतची रजा मागितली होती आणि कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘कापूस वेचणे’. मी म्हटलं, गुरुजी, तालुक्याचे साहेब काय म्हणतील? चपला काढता काढता ते म्हणाले, “पोट्टे काऊन येत नाईत, हे मी तीस वर्सं इचारलं. त्यायचं काम मांगं कोन करते, हे नाई इचारलं.”

वच्छी शाळेत आली आणि गुरुजी तिच्या पातीवर गेले. धोतर खोचून, कमरेला फडकं बांधून. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हात इतका मंद की त्यांच्या पुढची म्हातारी ओळ संपवून परत यायची. कापसात काडीकचरा इतका असायचा की वच्छीची आई मुकाट्याने तो पुन्हा निवडायची. बांधावरून कोणी थट्टेने पाढे म्हणा म्हटलं, तर हे खाली मान घालून वेचत राहायचे. साहेबांचं कडक पत्र आलं, ते मी दडवलं. संक्रांतीला गुरुजी परत आले तेव्हा त्यांना नीट खडू धरता येत नव्हता.

वच्छी पास झाली. गुरुजी निवृत्त झाले. ट्रेनिंग संपून तिला लोणारकडच्या एका खेड्यात नोकरी लागली, आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती गुरुजींना भेटायला आली. मी तिथेच बसलो होतो. पाया पडली, ओट्यावर टेकली आणि सांगू लागली की वर्गातली निम्मी पोरं वेचणीला गेली, घरोघरी जाऊन आले, एकाचीही आई ऐकत नाही. बोलता बोलता हमसून रडायला लागली. तिला धीराचे चार शब्द सांगावेत म्हणून मी तोंड उघडलं, तर गुरुजींनी हातानेच मला थांबवलं.

“रडू दे तिले,” ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, “रडून घे, माय. पुढं पुढं हे येत नाई.”

तेव्हा त्यांच्या खुर्चीवर मी बसत होतो. माझ्याही वर्गातली अकरा पोरं त्या आठवड्यात वावरात होती. आदल्या सकाळी त्यांच्या नावांपुढे गैरहजेरी मांडून मी स्वस्थ चहाला घरी गेलो होतो. मला शेवटचं रडू कधी आलं होतं, ते मी तिथे बसून आठवू लागलो. वच्छीच्या मोटारीची वेळ होईपर्यंत आठवत होतो. आठवलं नाही.